शब्दकोडं की सुडोकू?

इंदूरच्या रामबागेतल्या एका वहिनींना पेच पडलाय: सकाळी पोह्यांबरोबर मुलांना काय द्यावं?

खर्च सारखाच, पेपर आणि पेन्सिल. सुडोकूला भाषा लागत नाही. १ ते ९ आकडे, ८१ घरं, हिंदी माध्यमातली नातही पटकन बसते. पण ते एकट्याचं काम. दुसऱ्याने मध्येच आकडा सांगितला की भांडण!

शब्दकोडं घरभर फिरतं. ‘उभा ५, तीन अक्षरी, पाणी’ म्हटलं की आजी स्वयंपाकघरातूनच ‘सलिल!’ म्हणते, नात अजून ‘पानी’वरच. जोडाक्षर एकाच घरात जातं, हेही तिथेच कळतं. वेळ मात्र खातं, आणि अडलं तर उत्तराला उद्याचा पेपर. मराठी पेपर येत नसेल तर हिंदी वर्ग पहेली घ्या, इंदुरी आजीला तीही जमते.

एकट्याने डोकं शांत करायचं तर सुडोकू. आजी-नातवंडांना बोलतं करायचं तर शब्दकोडं. खोडरबर जवळ ठेवा.