कोर्स, दुसऱ्या कोचचा सराव की स्वतःचं रेकॉर्डिंग?

हंगाम संपला की अनेक कोच ठरवतात, यंदा स्वतःवर काम करायचं. वेळ आणि पैसा मात्र मोजकाच असतो. समोर साधारण तीन वाटा असतात: पुढच्या लेव्हलचा कोर्स, अनुभवी कोचच्या सरावाला जाऊन बसणं किंवा आपल्याच सरावाचं रेकॉर्डिंग तपासणं.

कोर्सचा निर्णय सर्वांत सोपा. पुढचं काम प्रमाणपत्रावर अडलं असेल, तर तोच करा. युरोपच्या फुटबॉलमध्ये सी, बी, ए आणि प्रो अशी लायसन्सची उतरंड आहे; वरच्या पायरीवरच्या संघांसाठी वरचं लायसन्स लागतं. नवख्या कोचलाही वयानुसार सरावाचा भार, दुखापती आणि हंगामाचं नियोजन नीट क्रमाने शिकायला मिळतं. पण मैदानावर तुम्ही प्रत्यक्ष कसे वागता, हे कोर्समध्ये फार थोडा वेळ तपासलं जातं.

दुसऱ्या कोचकडे जाण्याने नजर बदलते. खेळाडू म्हणून निवृत्त होता होता, २००६ मध्ये, पुढे नामवंत फुटबॉल कोच झालेला पेप ग्वार्दिओला अर्जेंटिनात मार्सेलो बिएल्सा या अनुभवी कोचला भेटायला गेला आणि दोघे तासन्‌तास फुटबॉलवर बोलले. शिकण्याची अशी भूक मला फार मोलाची वाटते. यात धोका एकच, तो म्हणजे नक्कल. तिकडचं ड्रिल उचलून आणलं आणि ते कशासाठी आहे हे विचारलंच नाही, तर आपल्या खेळाडूंच्या हाती काही लागत नाही. म्हणून जाताना एखादा नेमका प्रश्न घेऊन जावं.

माझं मत तिसऱ्या वाटेच्या बाजूने आहे, विशेषतः काही वर्षं शिकवून झालेल्या कोचसाठी. अमेरिकेतले बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या १९७४-७५ च्या हंगामात रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्या सरावातल्या २,३२६ कृती नोंदवल्या. सुमारे तीन चतुर्थांश कृती म्हणजे काय करायचं आणि कसं करायचं, याची माहिती होती. कौतुक ६.९ टक्के, नाराजी ६.६ टक्के. म्हणजे बहुतेक बोलणं शिकवण्यासाठी! त्याच हंगामात त्यांच्या संघाने दहावं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

अशी मोजणी कोणताही कोच करू शकतो. एका सरावाचं रेकॉर्डिंग लावा आणि प्रत्येक वाक्यापुढे खूण करा: माहिती, प्रश्न, कौतुक की ओरडा. रांगेत उभ्या खेळाडूंचा वेळही मोजा. ‘शाबास’ कोणाच्या वाट्याला येतं आणि कोणाचं नाव तासभर घेतलंच जात नाही, हेही दिसतं. हे पाहणं टोचतं, आणि नेमका तिथेच बदल सुरू होतो. खर्च जवळपास शून्य, पण चिकाटी लागते. एका वेळी एकच सवय धरा, काही आठवड्यांनी पुन्हा मोजा.

पैसे हाताशी असले, तरी आधी दोन-तीन सराव रेकॉर्ड करा असंच मी सांगेन. त्यातून निघालेला प्रश्न दुसऱ्या कोचकडे किंवा कोर्समध्ये न्या. तिथला वेळ मग जास्त कारणी लागतो. खेळाडू लहान असतील, तर चित्रीकरणाआधी पालकांची लेखी परवानगी घ्या. ती मिळत नसेल, तर विश्वासातल्या सहकाऱ्याला वही देऊन कडेला बसवा आणि त्याच खुणा त्याला करू द्या.