कपची फोडायला 'याडे': काही महिन्यांच्या वापरानंतर

वडोदऱ्यात काँक्रीटला जाते ती काळ्या दगडाची कपची दाबाखाली कशी फुटते, हे संगणकावर मांडायला याडे (Yade) हे सॉफ्टवेअर बरं आहे. मोफत, लिनक्सवर चालणारं, पायथॉनमधून हाकायचं. माउसने कामं करायची सवय असेल तर सुरुवातीला रडवेल.

बैठक कुंडल-स्ट्रॅक या संशोधकांच्या 1979 च्या पद्धतीची, जिच्यात प्रत्येक कणाची हालचाल वेगळी मोजतात. कपचीचा तुकडा म्हणजे एकमेकांना चिकटवलेले गोळे. सांध्यावरचा ताण मर्यादेबाहेर गेला की सांधा तुटतो. एका तुकड्यात निदान पाचशे गोळे घ्या. पन्नासात भागवलंत तर तडा गोळ्यांच्या रचनेच्या मर्जीने जातो. हौसेने वाढवूही नका: त्रिज्या अर्धी केली की गोळे आठपट, कालपायरी (हिशेबातला वेळेचा एक टप्पा) अर्धी, म्हणजे हिशेब सोळापट. मे महिन्यातल्या बडोद्यात लॅपटॉप रात्रभर तापवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पण आधी खरी कपची फोडा. 12.5 मिमी चाळणीतून पडलेले, 10 वर अडकलेले तीसेक तुकडे घ्या आणि एकेक करून सपाट पोलादी प्लेटांमध्ये दाबा. कोपरा उडाला की बळ किंचित उतरतं, ते मोजू नका. तुकडा दुभंगतानाचं बळ घ्या. त्याला प्लेटांमधल्या अंतराच्या वर्गाने भागा, म्हणजे ताण मिळतो. मग वायबुलचा आलेख काढा, कोणत्या ताणाला किती तुकडे टिकतात ते दाखवणारा. 37 टक्के तुकडे ज्या ताणाला टिकतात तो प्रमाण ताण, आलेखाचा उतार म्हणजे घातांक. घातांक 3 आला आणि दोष (बारीक भेगा) दगडभर विखुरलेले असले, तर आकार दुप्पट होताच ताकद निम्मी. दोष पृष्ठभागावरच असतील तर हे गणित लागू नाही.

याडेत सगळ्या सांध्यांना एकच ताकद दिली की तुकडे जवळपास एकाच बळाला फुटतात, खरी कपची तशी नसते. काही गोळे यादृच्छिकपणे काढून टाका, दर वेळी तुकडा वेगळ्या कोनात ठेवा.

सांधे जुळवताना संपर्काची कक्षा (किती अंतरावरचे गोळे एकमेकांना टेकलेले धरायचे ते) वाढवली असेल तर पहिल्या पायरीनंतर ती मूळपदावर आणा, नाहीतर न टेकलेले गोळेही संपर्कात धरले जातात. वरच्या-खालच्या प्लेटवरची बळं सारखी नसतील तर प्लेट फार वेगाने येतेय. अवमंदन (हालचाल शांत करणारा आकडा) याडेत मुळात 0.2 असतं, ते 0.7 केलं की उडणारे तुकडे जागीच मरगळतात.

खरी उणीव भुकटीची. सगळ्यात लहान गोळा फुटूच शकत नाही, त्यामुळे चाळणी-आलेखाचं (कोणत्या आकाराचे किती तुकडे, याचं) बारीक टोक कापलं जातं. फुटण्याचं बळ आणि मोठ्या तुकड्यांची संख्या यासाठी याडे चालेल. क्रशरखालची डस्ट चाळूनच मोजा.