लेकराने बटन सेल गिळला: आधी तालुक्याला की थेट मोठ्या दवाखान्यात?

लेकराने सेल गिळल्याचं कळलं की घरात दोन तट पडतात. आजी म्हणते, केळं चारा, सकाळी पडून जाईल. त्या पोराचं रुपयाचं नाणं नाही का पडलं? बाप गाडीची किल्ली शोधत असतो. बापाचं ऐका. नाणं नुसतं अडकून बसतं. सेल मात्र अन्ननलिकेच्या ओल्या भिंतीला टेकला की वीज वाहते आणि त्याच्या उणे बाजूला जहाल क्षार तयार होतो. पानात चुना जास्त झाला की जीभ भाजते ना, तसंच, पण कितीतरी पटीने. दोन तासांतही खोल जखम होऊ शकते. वजनकाट्यात, गाडीच्या रिमोटमध्ये असतो तो २० मिलिमीटरचा, ३ व्होल्टचा सेल सगळ्यांत वाईट.

तालुक्याला एक्स-रे निघतो. तिथे सेलची कडा दुहेरी दिसते, नाण्याची एकेरी. पण अडकलेला सेल काढायला दुर्बीण आणि लहान लेकराला भूल देणारा डॉक्टर, दोन्ही एकाच वेळी हजर लागतात. ते बहुधा घाटी (छत्रपती संभाजीनगरचा सरकारी दवाखाना), अंबाजोगाई, लातूर, नांदेड अशा मेडिकल कॉलेजांत किंवा शहरातल्या मोठ्या खासगी दवाखान्यांत मिळतात. वाटेतच एक्स-रे पटकन निघत असेल तर काढा, नाहीतर पुढे चला. निघताना फोन करून एवढंच विचारा: "दोन वर्षांच्या लेकराला भूल देऊन आत्ता दुर्बीण होईल का?" जवळच्या "उद्या बघू"पेक्षा लांबचा "हो" बरा. दारात गाडी उभी असेल तर तिनेच निघा; श्वास लागलाय किंवा रक्ताची उलटी झालीय, तर १०८ लावा. तसलाच दुसरा सेल किंवा पाकीट सोबत घ्या.

वाटेत मध द्यावा का? लेकरू वर्षापेक्षा मोठं असेल, गिळून बारा तास झाले नसतील आणि घोट उतरत असेल तर द्या: दर दहा मिनिटांनी दहा मिलिलिटर, म्हणजे दोन छोटे चमचे, जास्तीत जास्त सहा वेळा. त्याने भाजणं मंदावतं, सेल निघत नाही. घरात मध नसेल तर दुकान शोधत बसू नका. दूध, पाणी, केळं काही नको. मिठाचं पाणी पाजून उलटी तर अजिबात नको. पोट रिकामं नाही म्हणून सेल काढणं लांबवायचं नसतं, हे भूल देणाऱ्यांनाही ठाऊक असतं.

एक्स-रेत सेल जठराच्या खाली उतरलेला दिसला आणि लेकरू ठीक असेल, तर बहुतेकदा वाट पाहता येते. सोबत लोहचुंबकही गिळलं असेल तर नाही.

सेल निघाला की लगेच सुट्टी मागायची, की राहायचं? राहा. क्षाराची जखम सेल निघाल्यावरही पसरते. श्वासनलिकेकडे, क्वचित मोठ्या रक्तवाहिनीकडे भोक पडतं, तेही कधी काही आठवड्यांनी. घरी आल्यावर उलटीत रक्ताची रेघ दिसली किंवा शी काळी झाली, तर थोडंच आहे म्हणू नका. त्याच घटकेला परत निघा. महिन्याभराने घास अडकायला लागला तर नलिका आकसलेली असते. मग ती दुर्बिणीने पुन्हा पुन्हा रुंद करावी लागते.