कपाट पावसाळ्यात, कयाक दसऱ्यानंतर : बाळकूमच्या एका सुतारकामाच्या वर्कशॉपचा अनुभव

ठाण्यात बाळकूम नाक्यावरून खाडीच्या दिशेने उतरणाऱ्या एका गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये हे वर्कशॉप आहे. फाटकावर पाटी नाही. शेजारच्या चहावाल्याला ‘होडीवाले मिस्त्री’ म्हणून विचारले की तो हातातली किटली खाली न ठेवता मानेनेच दिशा दाखवतो. गेल्या अडीच वर्षांत मी येथून दोन कामे करून घेतली : नौपाड्यातील आमच्या जुन्या घरासाठी भिंतभर पुस्तकांचे कपाट आणि त्यानंतर पंधरा फुटी लाकडी कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी. एकच माणूस या दोन्ही वस्तू बनवतो हे ऐकून बहुतेकांना गंमत वाटते आणि मग ते हमखास विचारतात की मिस्त्री तारीख पाळतात का. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मिस्त्रींचे वर्ष दोन भागांत विभागलेले आहे. दसऱ्यापासून होळीपर्यंत ते कयाक बांधतात आणि उरलेल्या काळात फर्निचर करतात. सुरुवातीला मला हा हौसेचा भाग वाटला होता, परंतु कारण हवेत आहे. कयाकच्या लाकडावर इपॉक्सी, म्हणजे हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणारे राळेसारखे रसायन, चढवावे लागते आणि दमट हवेत त्यातील हार्डनर बाष्पाशी व कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून पृष्ठभागावर मेणचट, चिकट पापुद्रा धरतो. तो धुऊन न काढता पुढचा थर दिला तर दोन थर एकमेकांना धरत नाहीत आणि वर्षभरात वरचा थर पापडासारखा सुटतो. ठाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता कित्येक दिवस ८० टक्क्यांच्या वरच असते, त्यामुळे त्या महिन्यांत ते इपॉक्सीच्या डब्याला हात लावत नाहीत. मी कयाकची चौकशी पहिल्यांदा जूनमध्ये केली होती. त्यांनी आगाऊ रक्कम घेण्यासही नकार दिला आणि घटस्थापनेनंतर यायला सांगितले. पैसे नाकारणारे सुतार मी याआधी पाहिले नव्हते.

आधी कपाटाविषयी. फेब्रुवारीत मी काम सांगितले, मार्चमध्ये आम्ही दोघांनी वखारीत जाऊन साग निवडला. तेथे मिस्त्रींनी एकेक फळी कडेने डोळ्याजवळ धरून तिचा बाक आणि पीळ पाहिला आणि मला सुंदर वाटलेल्या दोन फळ्या गाठीच्या जागेवरून शांतपणे बाजूला काढल्या. घरी मापे घेताना त्यांनी आधी टेप न काढता ओळंबा काढला. आमची भिंत सात फूट उंचीत १८ मिलिमीटर झुकलेली निघाली आणि कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, नव्हता. हे त्यांनी आम्हाला दोष दिल्यासारखे न सांगता वहीत टिपून ठेवले. पुढे कपाट बसवताना भिंतीलगत सागाची एक निमुळती पट्टी लावली गेली. ती वरच्या टोकाला जेमतेम बोटभर आणि खाली जवळपास दुप्पट रुंद आहे. भिंतीच्या प्रत्येक फुगवट्याबरोबर ती इतकी नेमकी तासलेली आहे की पोस्टकार्डाची कडही मध्ये सरकत नाही. घरी येणाऱ्यांच्या नजरेस ती येत नाही. मला मात्र सगळ्या कपाटात तीच सर्वांत जास्त आवडते.

दारे भरीव सागाची आहेत, चौकट आणि मध्ये पॅनेल अशा जुन्या पद्धतीची. पॅनेल चौकटीच्या खाचेत नुसते अडकवलेले असते, त्याला गोंद लावत नाहीत, कारण फूटभर रुंदीचे सागाचे पॅनेल कोरड्या आणि पावसाळी हवेत मिळून दोन-तीन मिलिमीटर रुंदीने कमीजास्त होते. लांबीने लाकूड जवळजवळ हलत नाही, जे काही होते ते आडव्या अंगाने. ज्या सुताराने पॅनेल गोंदाने जखडले त्याचे पॅनेल तरी तडकते किंवा चौकटीचा सांधा तरी उघडतो. आमच्या आधीच्या कपाटाच्या बाबतीत हे दोन्ही झाले होते. त्या सुताराचे नाव घेण्यात अर्थ नाही. मिस्त्रींनी पावसाआधी, एप्रिल-मेमध्ये दारे जुळवली, पावसाळ्यात प्लायची पेटी उभी केली आणि गणपतीच्या आठ दिवस आधी सगळे घरी आणून बसवले.

येथे माझी पहिली तक्रार. दारांना शेवटचे पॉलिश केलेले नव्हते. दमट हवेत लॅकर मारले की ओल आत अडकून लाकडावर पांढरट धूर धरतो, म्हणून पॉलिश दसऱ्यानंतरच होईल असे त्यांनी सांगितले. मला ते पटले, परंतु ते मार्चमध्ये सांगायला हवे होते, ऑगस्टमध्ये नव्हे. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो आणि त्या दीड दिवसात आलेल्या प्रत्येक नातेवाइकाने, मोदकाची वाटी हातात घेऊन, कपाट अर्धवट का आहे असे विचारले. मामेसासऱ्यांनी तर त्यांच्या ओळखीच्या पॉलिशवाल्याचा नंबरही देऊ केला.

दुसरी तक्रार ड्रॉवरची. कपाटाला खाली चार ड्रॉवर आहेत आणि त्यांतील डावीकडचा दुसरा, ज्यात आम्ही औषधे ठेवतो, बसवल्याच्या आठवड्यातच घट्ट झाला. मी फोन केला. मिस्त्री आले, ड्रॉवर ओढून पाहिला, कडेवरून अंगठा फिरवला आणि रंधा पिशवीतून न काढताच म्हणाले, “ताई, हा आत्ता तासला तर मार्गशीर्षात खडखडेल. दसऱ्यापर्यंत थांबा.” मला त्या क्षणी राग आला होता. दीड महिना आम्ही रक्तदाबाच्या गोळ्या फ्रिजवर ठेवल्या. ऑक्टोबरच्या उन्हात तो ड्रॉवर आपोआप बराच मोकळा झाला. पॉलिशसाठी आले तेव्हा त्यांनी एका कडेवरून रंध्याचा एकच हात मारला. निघालेली साल इतकी पातळ होती की तिच्यातून वर्तमानपत्राची अक्षरे वाचता येत होती. त्यानंतरच्या पावसाळ्यात तो जड चालला, पण अडकला नाही. ऑगस्टमध्ये तासून मागणारे गिऱ्हाईक मी एकटी नसणार आणि नाही म्हणणारा सुतार मात्र मला अजून दुसरा भेटलेला नाही.

आता कयाक. कयाक ही मुळात ध्रुवीय प्रदेशातील इन्युइट लोकांची शिकारीची होडी आहे. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेल्या लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ताणून शिवलेले सीलचे कातडे, अशी तिची मूळ घडण होती. मिस्त्री तिला प्लायमध्ये, शिवून-चिकटवून बांधतात. प्लायचे कापलेले भाग कडेला कडा लावून तांब्याच्या तारेने दर चार इंचांवर टाचायचे, आतून सांध्यात लाकडाची बारीक भुकटी मिसळलेले घट्ट इपॉक्सी भरायचे, त्यावर काचेच्या धाग्यांची पट्टी बसवायची आणि सगळे सुकल्यावर तारा काढून टाकायच्या. ही पद्धत १९६३ च्या सुमारास ब्रिटनमध्ये ‘मिरर’ नावाच्या, हौशी माणसाला घरी बांधता येणाऱ्या लहान शिडाच्या होडीमुळे सर्वदूर पोहोचली. फळ्या काथ्याने शिवून जहाजे बांधणे हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर त्याच्या कितीतरी शतके आधीपासून चालत आले होते. त्यामुळे होडी शिवण्याची कल्पना आपल्याकडे परकी वाटण्याचे कारण नाही.

दाराच्या मागे त्यांची एक निळी बादली आहे. तिच्यात वेगवेगळ्या दुकानांतून आणलेल्या प्लायचे तळहाताएवढे तुकडे बुडवून ठेवलेले असतात आणि प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख असते. मरीन प्लायवर, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायवर, आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असतो आणि त्या मानकानुसार प्लायचा जोड ७२ तास उकळूनही सुटता कामा नये. शिक्का खरा की खोटा हे मात्र मिस्त्रींची बादली ठरवते. मी पाहिले तेव्हा दोन तुकड्यांचे थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटलेले होते आणि त्या दोघांवरही शिक्का होता. दुकानांची नावे त्यांनी सांगितली नाहीत, मीही विचारली नाहीत.

डिसेंबरमधल्या एका शनिवारी मी पूर्ण दुपार तेथे बसून काम पाहिले. आपल्याकडे प्लायची शीट आठ फुटी मिळते, म्हणजे पंधरा फुटी होडीसाठी दोन शीट टोकाला जोडाव्याच लागतात. त्यासाठी दोन्ही कडा जाडीच्या आठपट लांब उतारात तासतात : ४ मिलिमीटर प्लायला ३२ मिलिमीटर उतार. चार शीट पायऱ्यांसारख्या एकावर एक रचून मिस्त्री रंधा चालवत होते. जसजसा उतार उघडा पडत होता तसतसे प्लायचे थर आलटून पालटून फिक्या आणि गडद पट्ट्यांच्या रूपात दिसू लागले. या पट्ट्या सरळ आणि समांतर असतील तर उतार बरोबर, कोठे फुगल्या तर तेथे खड्डा. मोजण्यासाठी त्यांनी दुसरे कोणतेही साधन हातात घेतले नाही. इपॉक्सीचा हात त्यांनी दुपारी चार वाजल्यानंतरच दिला. सकाळी तापत्या हवेत लाकडातील हवा प्रसरण पावून बाहेर येते आणि ओल्या थराला सुईच्या टोकाएवढी भोके पाडते, उतरत्या उन्हात लाकूड उलट तो थर आत ओढून घेते. एका वेळी लहान वाटीभरच मिश्रण कालवायचे, कारण जास्त कालवले तर ते भांड्यातच तापून धुरायला लागते. टेबलाखाली असा एक घट्ट झालेला, प्लास्टिकच्या मगासकट वेडावाकडा झालेला गोळा होता. तो म्हणे मुद्दाम ठेवलेला आहे, नवीन पोरांना दाखवायला.

फेब्रुवारीच्या शेवटी कयाक मिळाली. काम देखणे आहे. वरच्या भागावर प्लायची रेषा नाळेपासून मागच्या टोकापर्यंत अखंड जुळवलेली आहे, जोड शोधूनच काढावा लागतो, आणि वार्निशचे पाच हात दिलेले आहेत, कारण उघडे इपॉक्सी उन्हात टिकत नाही. मात्र वजन सांगितले होते २३ किलो आणि भरले २७. मिस्त्रींचा खुलासा असा की आपल्याकडचे मरीन प्लाय बहुधा गर्जनाच्या लाकडाचे असते आणि ते परदेशात कयाकसाठी वापरल्या जाणाऱ्या ओकुमे नावाच्या लाकडाच्या प्लायपेक्षा बरेच जड असते. खुलासा योग्य आहे, पण हे प्लाय त्यांनी पहिल्यांदा वापरलेले नाही, तेव्हा अंदाजही त्याच प्लायचा द्यायला हवा होता. चार किलोंचा फरक पाण्यात जाणवत नाही. गाडीच्या टपावर एकटीने चढवताना तो खांद्याला कळतो. बसण्याची जागाही कडक आहे आणि तासाभरानंतर पाय बधिर होतात. मी शेवटी योगासनाच्या जुन्या चटईचा तुकडा कापून घातला.

पहिली फेरी आम्ही घोडबंदर रस्त्यावरील गायमुखच्या बाजूला, अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या, म्हणजे कमी जोराच्या, भरतीला केली. उधाणाच्या दिवसांत ओहोटीची ओढ नवख्या माणसाला झेपत नाही आणि वेळ चुकली तर परतताना गुडघाभर चिखलातून होडी ओढावी लागते. तिवरांच्या कडेने जाताना प्लास्टिकच्या होड्यांसारखा लाटांचा फटफटाट येत नाही. पाणी लाकडावर हलक्या हाताने थापटल्यासारखे वाजते. होडी सरळ रेषेत छान जाते आणि वळायला मात्र आळशी आहे. लांब आणि अरुंद बांध्याचा हा गुणही आहे आणि दोषही. दोन तासांनंतर मागच्या कप्प्यात अर्धा पेला पाणी निघाले. झाकणाची रबरी पट्टी एका कोपऱ्यात दबलेली नव्हती. त्यांनी ती बदलून दिली, पैसे घेतले नाहीत.

खर्चाचे सांगायचे तर कपाटाला १ लाख ४० हजार आणि कयाकला ८५ हजार रुपये पडले. तयार मॉड्युलर कपाट याहून स्वस्त आणि तीन आठवड्यांत मिळाले असते, प्लास्टिकची कयाकही स्वस्त मिळते आणि तिला दरवर्षी वार्निशही लागत नाही. मिस्त्री छापील कोटेशन देत नाहीत, वहीच्या पानावर लिहून देतात. त्या पानावर लाकूड, प्लाय, बिजागऱ्या आणि मजुरी वेगवेगळी लिहिलेली असते आणि शेवटचा हिशेब त्याच्या बाहेर गेला नाही, हे नोंदवले पाहिजे. फोन उचलत नाहीत, संध्याकाळी सात नंतर स्वतः करतात. मुहूर्त पाहून, पाहुण्यांच्या आधी घर सजवून हवे असेल तर येथे जाऊ नये. निदान पॉलिश कधी होणार हे पहिल्याच भेटीत वहीच्या पानावर लिहून घ्यावे. कयाक हवी असेल तर गणपतीच्या आधी जाऊन नाव लिहून ठेवावे, कारण एका हंगामात ते तीन किंवा चारच बांधतात आणि होळीनंतर हातातली अर्धी होडीही ताडपत्रीखाली झाकून ठेवतात.

माझ्या कयाकचे वार्निश नाळेजवळ, जेथे ती वाळूवर घासते, तेथे आता निघू लागले आहे. मी मागच्या आठवड्यात विचारले तेव्हा मिस्त्री म्हणाले की सध्या घोटून ठेवू, हात पितृपक्ष संपल्यावर देऊ. तोवर ती आमच्या जिन्याखाली, जुन्या साडीत गुंडाळून ठेवलेली आहे.