स्पिन अडलं की कोण बरं: टॉप लोड की फ्रंट लोड?

वॉशिंग मशीन दोन तऱ्हेची: वरून कपडे टाकायचं टॉप लोड आणि समोरून टाकायचं फ्रंट लोड. कपडे कोण जास्त स्वच्छ धुतं आणि पाणी कोण कमी पितं, यावर पुष्कळ लिहून झालंय. दोन्हींत फ्रंट लोड पुढे आहे, हे मान्य करून टाकतो. मी आधी फ्रंट लोड वापरलं, आता टॉप लोड वापरतो. मशीन निवडताना एक प्रश्न मात्र फारसं कुणी विचारत नाही: ऐन स्पिनला, म्हणजे कपडे गरागरा फिरवून पिळायच्या वेळी, अडून बसलं तर आपल्या हातात काय उरतं? (ओलेगच्च कपडे, हे झालं सरळ उत्तर.)

पाणी पूर्ण निघून गेल्याशिवाय दोन्ही मशीनं जोरात फिरत नाहीत. त्यामुळे 'स्पिन होत नाही' ही तक्रार बऱ्याचदा मुळात 'पाणी जात नाही' अशी असते. ड्रेनचा पाइप मशीनमागे मुरगळलाय का, हे आधी बघावं. पुढची तपासणी फ्रंट लोडमध्ये सोपी, हे कबूल करायला हवं. समोर खाली कोपऱ्यात छोट्या झडपेआड फिल्टर असतो. खाली पसरट भांडं ठेवून तो हळूहळू फिरवत काढायचा, पाणी येतंच. नाणं, हेअरपिन, शर्टाचं बटण, धाग्यांचा चिखल, काय वाटेल ते निघतं. मग टॉर्च मारून आतल्या पंपाचा छोटा पंखा अडकलाय का तेही बघता येतं. प्लग काढलेला असला की झालं, पाना-पक्कड काही लागत नाही.

टॉप लोडमध्ये ही सोय सहसा नसते. बऱ्याच मॉडेलांत पंपच नसतो, पाणी उताराने जातं, म्हणून पाइप वर उचललेला चालत नाही. शिवाय ड्रेन मोटर एकाच ओढीत दोन कामं करते: पाण्याचा व्हॉल्व्ह उघडते आणि टबचा ब्रेक सोडून क्लच धुण्याकडून स्पिनकडे वळवते. ती गेली की पाणी तुंबतं आणि टबही जागचा हलत नाही. मुख्य मोटर नुसती गुणगुणत असेल तर कपॅसिटर (मोटरला सुरुवातीचा जोर देणारा भाग) किंवा बेल्टचा संशय घ्यावा. तिथे मी हात घालत नाही, कारण प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज साठलेला असू शकतो. ते काम मेकॅनिकचं.

इथवर फ्रंट लोडचं पारडं जड आहे. पण माझा निर्णय झाला तो बिघाडामुळे नव्हे, धडधाकट मशीनमुळे.

फ्रंट लोडचा ड्रम आडवा. जोर धरण्याआधी तो सावकाश फिरून कपडे चहूबाजूंनी सारखे पसरवू पाहतो. वजन एका अंगाला वाटलं की थांबतो, उलटा फिरतो, पुन्हा पसरवतो. सुट्या कपड्यांना हे छान जमतं. दुलईची खोळ टाकून बघा. ती बाकीचे कपडे पोटात घेते, त्याचा एक गच्च गोळा होतो, आणि काचेतून दिसतं ते एवढंच: गोळा वर जातो, थप्पकन खाली पडतो, पुन्हा वर जातो. पडद्यावरची उरलेली मिनिटं तिथल्या तिथे. एकटा जाड टॉवेलही हाच छळ करतो. शेवटी मशीन हात टेकतं आणि निथळते कपडे तसेच सोडून कार्यक्रम संपल्याची धून वाजवतं! मध्येच थांबवावं तर आधी पाणी काढा, मग दाराचं लॉक सुटायची मिनिट-दोन मिनिटं वाट बघा, गोळा ओढून काढा, सोडवा, पुन्हा लावा. काय करायला हवं ते समोर दिसतंय आणि दार उघडत नाही, याची मला भयंकर चीड यायची.

टॉप लोडही असमतोलाला अडतंच. टब धडाधड आपटतो, मशीन थांबून बोंब मारतं. पण झाकण उघडायचं, गोळा दोन हातांनी पलीकडे सरकवायचा, झाकण लावायचं. काही मॉडेलांत झाकणालाही लॉक असतं, तरी टब थांबला की ते सुटतं.

रोज शर्ट-पँटी-मोजे अशी मिसळ धुणाऱ्याला यातलं फारसं जाणवणार नाही, हेही खरं. फ्रंट लोड मिनिटाला 1000 ते 1400 फेरे घेतं, टॉप लोड साधारण 700च्या आसपास. कपडे हाताला लागतात तेव्हा फरक कळतो. चादरी, खोळी, ब्लँकेटं जास्त असतील तर मात्र मी, माझ्यापुरतं, टॉप लोडकडे झुकेन.

वापरलेलं टॉप लोड घेत असाल तर रिकामा टब हाताने खाली दाबून सोडा. वर येऊन स्थिरावला तर ठीक. डुलतच राहिला किंवा मुळातच एका कुशीला कललेला असला, तर टबला पेलणारे सस्पेन्शनचे रॉड थकलेत. ते मशीन हलक्या कपड्यांनाही आपटणार.

आणि फ्रंट लोडच घ्यायचं ठरलं असेल, तर पावडर कमी फेसाचीच वापरा, फेस जास्त झाला की तेही स्पिन टाळतं. घेताना दुकानदाराला ड्रमभोवतीचा बाहेरचा टब बोल्टने जोडलाय की कायमचा चिकटवलाय, हे जरूर विचारा. चिकटवलेला असेल तर पुढे बेअरिंग (ड्रम ज्यावर फिरतो तो भाग) गेल्यावर अख्खा टबच बदलावा लागतो.