नीमतेल: मिलीबगवर उपयोगी, पण धीर धरावा लागतो

जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आधीच गळत होत्या, मला वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून मी अजून पाणी घालत बसले. मग एक पान उलटून बघितलं तर देठाच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके आणि त्यावर मुंग्यांची ये-जा, म्हणजे मिलीबग, झाडाचा रस शोषणारी कीड! मुंग्या त्यांचा चिकट गोड स्राव खायला येतात आणि त्यांना जपतात पण.

नीमतेल आणलं. १ लिटर कोमट पाण्यात ५ मिली तेल आणि लिक्विड सोपचे चार-पाच थेंब, सोप नसेल तर तेल नुसतं वर तरंगतं. आधी जुन्या टूथब्रशने पुंजके काढले, मग ऊन उतरल्यावर पानांच्या खालून नीट फवारलं. पहिल्या आठवड्यात फारसा फरक नाही, कारण ते किडीची वाढ रोखतं, लगेच मारत नाही. दर ७ दिवसांनी असं तीनदा केल्यावर नवीन फूट एकदम स्वच्छ आली, इतका आनंद झाला!

वास उग्र आहे, दोन दिवस राहतो. आणि जास्त पाण्याने मुळं कुजली असतील तर याचा काही उपयोग नाही, तिथे आधी माती सुकू द्या.