आधी ऑफर की आधी पेपर?

रात्री साडेदहाला ग्रुपवर 'कोण ऑनलाइन आहे?' असा मेसेज पडतो, तसल्या कंपनीत तुम्ही असाल तर सोडायचं की नाही हा प्रश्न उरलेला नसतो. प्रश्न क्रमाचा असतो. ऑफर हातात आल्यावर राजीनामा द्यायचा, की आधी पेपर टाकून मग शोधायचं? हिंजवडीतल्या दोन कंपन्यांमधून मी दोन्ही क्रमांनी बाहेर पडलोय.

घरचे म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नकोस. त्यात चूक काही नाही. पगार चालू राहतो, हप्ते जातात, नव्या ठिकाणी पगाराचं बोलताना आवाज ताठ राहतो. आई-वडील कंपनीच्या मेडिक्लेमवर असतील तर विचार आणखी करावा लागतो. शेवटच्या दिवशी ते कव्हर जातं आणि नवी पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत वेटिंग पिरियड लागू शकतो. ग्रॅच्युइटीची पाच वर्षं भरायला दोन-चार महिनेच राहिले असतील, तर दातओठ खाऊन थांबा.

पहिल्या वेळी मी असाच थांबलो. आठ महिने. मॅनेजर सहन झाला, राजीनाम्यानंतरच्या नोटीस पिरियडचे ते ९० दिवस नाही झाले.

रिक्रूटरचा फोन आला की मी जिन्याने खाली धावायचो. बेसमेंटमध्ये रेंज नाही, म्हणून गेटजवळ उन्हात. तिथे प्रश्न ठरलेला: "सर, एलडब्ल्यूडी काय?" लास्ट वर्किंग डे. राजीनामाच दिला नाही तर तो कुठला असणार? "नोटीस ९० दिवस," असं म्हटलं की पलीकडे जरा शांतता, मग "ओके सर, प्रोफाइल पुढे पाठवते." ते प्रोफाइल पुढे कुठे गेलं, कधी कळलं नाही. एकीने मात्र सरळ सांगितलं, "पेपर टाकला की फोन करा." इंटरव्ह्यूंसाठी त्या वर्षी मी एकाच दाढेचं रूट कॅनल चार वेळा केलं. शेवटी ऑफर आली ती कंटाळून घेतली, आणि ती कंपनी निघाली याहून वाईट.

दुसऱ्या वेळी आधी पेपर टाकला. नोकरी डॉट कॉमवर 'सर्व्हिंग नोटीस पिरियड' निवडून तारीख टाकली. पहिला महिना सगळं थंड. झोप लागायची नाही, हे लपवत नाही. चाळीसेक दिवस उरले तसे फोन सुरू झाले. शेवटच्या दिवसाच्या अकरा दिवस आधी ऑफर आली. दरम्यान एक गंमत झाली. अप्रेझलची भीती गेल्यामुळे साडेदहाच्या मेसेजला "उद्या बघतो" लिहिता यायला लागलं. केटीच्या, म्हणजे आपलं काम दुसऱ्याला समजावून देण्याच्या, नावाखाली थोडा छळ झाला, पण रिलीव्हिंग लेटर त्यांच्याच हातात असतं, तेव्हा तिथे भांडलो नाही.

माझ्या स्किलला तेव्हा मागणी होती, हे खरं. बाजार थंड असेल किंवा सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढलेला नसेल, तर माझं ऐकू नका. मागणी असेल आणि खर्च बाजूला असेल, तर मी ९० दिवसांचं घड्याळ आधी चालू करेन. फक्त मेल पाठवण्याआधी पगाराच्या स्लिपा आणि जुने फॉर्म १६ घरच्या मेलवर घेऊन ठेवा. पोर्टलचा ॲक्सेस कधी काढतील, सांगता येत नाही.